आठवा दांडा

माग विकले तेव्हा भंगारवाल्यानं
लोखंडाचे पैसे मोजले, लाकडाचे नाही.
म्हणाला, जाळा हे बंबात.
चार मागांचे आठ दांडे,
धोट्याला इकडून तिकडे फटकावणारे.
सात जळाले.
आठवा कशानं राहिला, सांगता येत नाही.
तेल पिऊन काळा झालेला, माझ्या तळहाताच्या रंगाचा.

गाडीचं मागचं चाक बसलं ते रात्री साडेदहाला.
विडी घरकुलात या वेळी पंक्चरवाला?
आणि श्रीलताला सहाच्या पाळीला चिंचोळी गाठायची.

पूर्वी एकदा केलं होतं मी हे,
दोन स्क्रूड्रायव्हर घेऊन.
एका भोकाची तीन भोकं झाली होती.
बल्लप्पा कट्ट्यावरून बघत होता,
"का बे, टायर काढतोय की केळं सोलतोय?"
त्यानंतर महिनाभर
मी टायर या वस्तूचा विचार केला.

कुंभार वेशीतून जीपचा तुटका पाटा आणला,
कापून त्याच्या तीन पट्ट्या,
टोकं घासली, घासली, घासली,
गालावरून फिरवली तरी ओरखडा नाही
इतकी.
बीमची एक थाळी भंगारातून परत विकत घेतली
(माझीच. दुप्पट भावानं.)
तिच्यावर चाक आडवं बसतं, डुगडुगत नाही.
तेलाच्या डब्याचं प्लास्टिक कापून रिमला टोप्या.
आणि अंगणातल्या खांबाला दाराची बिजागरी,
बिजागरीला आठवा दांडा,
दांड्याच्या पोटाला सागाचा ठोकळा.

ठोकळा टायरच्या काठावर टेकवला.
माझा जोर पुरेना.
श्रीलता म्हणाली, "नान्ना, सरका,"
आणि दांड्याच्या टोकावर
दोन्ही पायांनी उभी राहिली.

फट्!

टायरचा काठ रिमवरून सुटला.
मी मात्र तसाच वाकलेला,
उजव्या बाजूला कान देऊन.
दुसरा फटका यायला हवा होता तिकडून.
तीस वर्षं येत होता.
"काय झालं?"
काही नाही. साबणाचं पाणी आण.

ही एक गोष्ट कुणी शिकवत नाही.
पट्टीला ताकद लावायची नसते.
समोरचा काठ गुडघ्यानं दाबून
रिमच्या मधल्या खोलगटात ढकलायचा,
की अलीकडचा आपोआप ढिला पडतो.
ओढाताण करणाऱ्याची ट्यूब चिमटते.
श्रीलतानं हे एकदा बघितलं
आणि दुसरी पट्टी माझ्या हातून काढून घेतली.

ट्यूब बादलीत. बुडबुडे.
बाभळीचा काटा, नखाएवढा.
मी जुन्या ट्यूबचा चौकोन कापला, ठिगळासाठी.
नागमणी सुपातून मान वर न करता बोलली,
"चौकोनाचे कोपरे उठतात."
विडीच्या पानाचा पत्र्याचा फर्मा काढला,
त्यावर रबर धरलं,
पानं कापायच्या कात्रीनं दोन वळणं घेतली.
कोपरे गोल. एका दमात.
रोज हजार पानं कापणाऱ्या बाईला
एक्केचाळीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं
कोपऱ्यांबद्दल.

साडेबाराला हवा भरली.
सायकलचा पंप, तिघांनी पाळीपाळीनं.
काठ रिमवर चढताना दोनदा टण् टण् वाजलं,
बल्लप्पाच्या घरातला दिवा लागला,
कानडीतून काहीतरी आलं,
त्याचा अर्थ इथं लिहीत नाही.
वॉल्व्हवर थुंकी लावून बघितली. बुडबुडा नाही.

पहाटे सव्वापाचला ती गेली.
मी पट्ट्या पुसल्या, तेलाच्या चिंधीत गुंडाळल्या,
दांडा बिजागरीवरच उभा केला खांबाला,
थाळी उचलली.

थाळीखाली एक वायसर.

छोटा, चकचकीत, कुठलाही असू शकेल असा.
एक्सलचा? की मागाच्या काळातला,
इतकी वर्षं कुठंतरी अडकलेला?
नागमणी म्हणाली, चहा निवतोय.
निवू दे.
चिंचोळीवरून फोन येईपर्यंत
मी तो मुठीत धरून
खांबाशी बसून राहिलो.